उजव्या पायाचा गिअर

१२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही सगळे ठीक असाल. रीत म्हणून एवढं लिहिलं, आता मुद्द्याचं लिहिते.

फोन का केला नाही म्हणशील. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही. माझी शाळा चौथीत सुटली, एकेक अक्षर काढायला वेळ लागतो. त्यामुळे कागदावर राग गाळून उतरतो, पेट्रोल फडक्यातून गाळावं तसा. खाली राहील तो गाळ माझ्यापाशी.

काम एवढंच आहे. वाटणीच्या दिवशी तू परदेशिणीचा कार्बोरेटर काढून नेलास. तो पाठव.

परदेशीण कोण ते विसरला असशील तर सांगते. आपली जुनी इटालियन मोटारसायकल. नाव तूच ठेवलंस. भंगारवाल्याच्या ढिगातून तुम्ही दोघं भाऊ तिला हातगाडीवर घालून घेऊन आलात, तू कॉलेजात होतास तेव्हा. मी दारात उभी राहून विचारलं, ही कोण? तर तू म्हणालास, "परदेशीण आहे वहिनी, हिला आपली भाषा कळत नाही, प्रेमानं घ्यायला लागेल." पुढे वर्षभर तुम्ही दोघं जेवणाच्या ताटावरही तिचंच बोलायचात. लोक असल्या गाडीला सवत म्हणतात. सवत परवडली, ती निदान भांडी तरी घासते.

मग वाटणी झाली. तुला ती विकून दुसऱ्या गावी नवीन सुरुवात करायची होती, यांना ती विकायची नव्हती. गाडी यांच्याकडे राहिली. तू सगळ्यांसमोर पाना घेतलास, दोन नट काढलेस आणि कार्बोरेटर पँटच्या खिशात घातलास. पेट्रोल तुझ्या मांडीवरून ठिबकत होतं. म्हणालास, "घ्या गाडी. आता चालवून दाखवा." आणि गेलास. पंधराएक वर्षं झाली. हे कोणाला खरं वाटणार नाही, पण लोक शेत वाटतात, भांडी वाटतात, तुम्ही दोघांनी मोटारसायकल वाटून घेतली.

तर आता इकडची हकिगत. यांचा डावा पाय गेला. मागच्या वर्षी. गुडघ्याच्या खाली. तुला कळवू नको म्हणाले म्हणून कळवलं नाही. शुगर. पायाला काही कळेनासं झालं होतं. तापलेल्या सायलेन्सरला पाय टेकवून उभे होते, चप्पल जळाल्याचा वास मला आला, मी ओरडले, तेव्हा यांनी खाली बघितलं. ती जखम काही भरली नाही. असो. नकली पाय बसवलाय, त्यावर चालतात, काठी लागत नाही.

पण गाडी बंद झाली. हल्लीच्या सगळ्या गाड्यांचा गिअर डाव्या पायाशी. नकली पायाचा घोटा वाकत नाही, त्यामुळे लिव्हरखाली पाऊल घालून ते उचलता येत नाही. एकदा मला न सांगता गिऱ्हाइकाची गाडी काढली आणि गॅरेजच्या दारातच कलंडले. चार लोकांनी उचललं. गाडीला ओरखडासुद्धा नाही, त्याचंच यांना समाधान. पण त्या दिवसापासून स्टुलावर बसून राहिले. कुठला नट पिळायचा ते पोरांना तोंडानं सांगायचे, हात लावायचे नाहीत. जन्मभर ज्याची नखं काळी, त्याची नखं पांढरी झालेली मी बघितली बारक्या. मला नाही आवडली.

मग एक दिवस शेड झाडताना मी मागची ताडपत्री ओढली. सीट उंदरांनी खाल्लेली, टाकी गंजलेली, साखळीचा लोखंडी गोळा झालेला. फडकं मारता मारता बघितलं तर ब्रेक डावीकडे आणि गिअर उजवीकडे. माझी चौथी झाली नसेल, पण उजवं डावं कळतं.

मी तिथूनच ओरडले, "अहो, हिचा गिअर उजवीकडे आहे!"

"मग? त्या काळात तिकडे तसाच असायचा."

"मग काय मग? उजवा पाय आहे ना तुम्हाला?"

हे आपल्या उजव्या पायाकडे बघत बसले बराच वेळ. मला वाटलं, आनंदानं सुचत नाही. मग स्टुलावरून उठले आणि पाना मागितला.

तेव्हापासून आमचा दुसरा संसार सुरू आहे. पिस्टन जाम होता. डिझेल ओतून ठेवलं, रोज थोडं ठोकून बघायचं. एका सकाळी सुटला, तेव्हा आम्ही दोघं एवढ्यानं हसलो की शेजारचा टायरवाला धावत आला. टाकी साफ करायचं काम माझं. आत मूठभर नट घातले, बाहेरून गोधडी गुंडाळली आणि मांडीवर घेऊन हलवत बसले. आत नट फिरतात आणि गंज खरवडतात. टायरवाला म्हणतो, "काय वहिनी, बाळ झोपत नाही का?" मी म्हटलं, "तुझ्यावर गेलंय, आत नुसता खडखडाट."

स्पोक नवे ओवले. वायरिंग नवं. सायलेन्सरला भोकं पडली होती, तुला आठवत असेल, गल्लीच्या टोकापासून आवाज यायचा. तो यांनी कापून, आतली नळी बदलून, नीट वेल्डिंग करून घेतला. ब्रेकला घोटा लागत नाही, नकली पाऊल टेकवलं की लागतो. किक मात्र डावीकडे, ती यांना जमायची नाही. तर किक मी मारायची आणि पुढे यांनी चालवायची, असं ठरलंय. दोन दिवस सराव केला, पोटरी सुजली.

सगळं झालं. आता घोडं पेंड खातंय ते कार्बोरेटरपाशी. दुसरे बसवून बघितले. एकाचं तोंड मोठं, एकाचं लहान. सुरू होते, दोनदा खोकते आणि मरते.

म्हणून लिहिलं. तुझ्या सवडीनं पाठव. घाई नाही. यांना मी लिहिल्याचं माहीत नाही, तेव्हा पार्सलवर माझं नाव घाल. घाई अजिबात नाही.

तुझी,
वहिनी

ता. क. ते दोन नटही पाठव. तेही तूच नेलेस.


९ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. ते थांबत नाहीत, कार्बोरेटर मात्र कुठे थांबलाय कोणास ठाऊक. पत्र मिळालं नाही म्हणू नकोस. टायरवाल्याकडून पत्ता दोनदा तपासून घेतला होता.

मागच्या पत्रात मी घाई नाही असं दोन वेळा लिहिलं. मला चांगला ओळखतोस तू. कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडायला जाणारी बाई मी. जन्मात मी कधी घाई नाही म्हटलंय? तिथंच तुझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

घाई आहे. आता खरं ते लिहिते.

यांच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली आहे. मी ते पत्र लिहिलं तेव्हाच पडली होती. आता शेजारचं बोटही. डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आपल्या घरातली लेक शोभेल एवढी लहान आहे, पण बोलायला माझ्यासारखी, आडपडदा नाही. म्हणाली, "काका, आजच दाखल व्हा. आज बोटांवर भागेल. थांबलात तर पाऊल, आणखी थांबलात तर गुडघा, आणि त्याच्यावर मला बोलायचं नाही."

हे म्हणतात, "एक काम हातात घेतलंय, तेवढं संपवून येतो."

"कसलं काम?"

"गाडीचं."

"मग द्या दुसऱ्या कोणाला करायला."

"तेच होत नाही ना बाई. गिअर उजवीकडे आहे."

ती माझ्याकडे बघायला लागली, जणू हे इटालियन बोलतायत आणि मी तिला अर्थ सांगणार आहे. मी काय सांगणार? मलाच ते कळलं होतं, हीच तर पंचाईत.

घरी येऊन मी तोंड सोडलं. म्हटलं, पाय महत्त्वाचा का गाडी? म्हणाले, "आधी परदेशीण, मग पाय." मी म्हटलं, "पाय सडेपर्यंत थांबून तिला काय खांद्यावर घेऊन फिरणार आहात?" म्हणाले, "पाय कापल्यावर ती खांद्यावरच घ्यावी लागेल. म्हणून तर आधी." आता याच्यावर काय बोलावं? पालथ्या घड्यावर पाणी. मी ताट आपटलं, बोलणं टाकलं. पण बोलणं टाकलं तरी पाना हातात द्यावाच लागतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तेही मोडलं.

आणखी एक. यांना माहीत नाही असं मी लिहिलं होतं. कसलं माहीत नाही! कुरिअरवाल्याची गाडी गल्लीत शिरली की यांचं स्टूल दाराकडे सरकतं. तो टायरवाल्याकडे जाऊन परत फिरला की स्टूल पुन्हा आत. मी विचारलं, कुणाची वाट बघताय? तर म्हणे, उजेडासाठी सरकलो. भर दुपारी उजेड.

बारक्या, मला विनवण्या जमत नाहीत. कधी केल्या नाहीत. मी या घरात आले तेव्हा तू एवढासा होतास, नाक गळायचं. ताप आला की आईकडे जायचा नाहीस, माझ्या पोटाशी येऊन झोपायचास. हे मी काढून दाखवायला लिहीत नाही. लिहिता लिहिता आलं, आता खोडलं तर कागद फाटेल. आम्हाला मूल झालं नाही, लोक चुकचुकायचे, मला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण तू होतास. हल्ली वाटायला लागलंय.

पार्सल पाठव. नाहीतर घेऊन ये. घेऊन आलास तर कोणी काही बोलणार नाही, मी तोंडाला कुलूप लावीन, हे मी लिहून देते. पाठव नाहीतर ये, पण बाबा लवकर.

तुझी,
वहिनी


२ एप्रिल

बारक्या,

पार्सल पोचलं.

कुरिअरवाल्यानं सही माझी घेतली, पण खोका यांनीच ओढून घेतला. मी सुरी आणायला आत गेले तोवर यांनी दातांनी दोरी तोडली होती. वर कागदाचे बोळे, खाली फोम, त्याच्या आत तेलाचं फडकं आणि फडक्यात तो. मी म्हटलं, हा आपला नव्हे. आपला काळा पडलेला होता. हे म्हणाले, "आपलाच आहे, हे बघ, इथं माझ्या हातून पाना निसटला होता त्याची खूण." मग एकेक बाजू फिरवून बघत बसले. गॅसकेट नवी, हातानं कापलेली. आतला तरंगणारा गोळाही नवा. दोन्ही नट वेगळ्या पिशवीत, वॉशरसकट. आणि एक रिकामी इवलीशी पुडी, तिच्यावर परदेशी अक्षरं.

"जेट नवा घातलाय," हे म्हणाले. "थेट इटालीहून मागवलाय वाटतं पठ्ठ्यानं. तरीच वेळ लागला."

जेट म्हणजे तो पितळेचा मुगाएवढा तुकडा, मधे भोक असतं आणि त्यातून इंजिनाला पेट्रोल जातं, हे तुला मी काय सांगू. पण मला तेव्हा एवढंच कळलं की आम्ही इकडे दाराकडे डोळे लावून बसलो होतो आणि तू तिकडे मुगाची वाट बघत बसला होतास. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "जुन्याला काय धाड भरली होती? आहे तसा पाठवता येत नव्हता?"

तर यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच चुकले. "आहे तसा पाठवला असता तर मी परत पाठवला असता. पार्ट साफ न करता कोणाला देतात का? मी शिकवलंय त्याला."

एवढे खूश मी त्यांना कित्येक दिवसांत बघितले नव्हते. लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते.

मग खोका उलटा केला. झटकला. कागदाचे बोळे एकेक करून उलगडले, मांडीवर ठेवून हातानं सपाट केले, दोन्ही बाजू बघितल्या. फोम फाडून बघितला. मी विचारलं, "काय शोधताय?"

"वॉशर."

वॉशर त्यांच्या डाव्या मुठीत होते.

एक ओळ लिहायची होतीस रे. शिकलेला आहेस. मी चौथीतली बाई पानंच्या पानं लिहिते.

बसवायला वेळ लागला नाही. गाडी मोठ्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. हे सीटवर बसले. टायरवाला आला, त्याची दोन गिऱ्हाइकं आली. म्हणाला, "वहिनी, सर्कस आहे का?" म्हटलं, "आहे, तिकीट काढ आणि मागे सरक." किक मारली. नाही. मारली. नाही. तिसऱ्यांदा मी तिला आणि तुम्हा दोघा भावांना मिळून एक शिवी घातली आणि मारली, ती लागली. बारक्या, आवाज तोच. सायलेन्सर चांगला आहे म्हणून दबका, पण तोच. टायरवाल्यानं टोपी उडवली. माझ्या डोळ्यांत धूर गेला.

हे म्हणाले, "गिअर टाकतो." मी म्हटलं, टाका. क्लच दाबला. मी चाकाकडे बघत होते. चाक फिरेना. म्हटलं, "लागला का?" तर हे वाकून खाली बघायला लागले. मीही बघितलं. पाय लिव्हरवर नव्हताच. लिव्हरच्या चांगला वीतभर मागे होता आणि तिथं नुसता हवेत दाबत होते.

मग यांनी उजव्या हातानं पँट धरली, पाय उचलला आणि लिव्हरवर ठेवला. फळीवर डबा ठेवावा तसा. वरून गुडघ्यानं जोर दिला. गिअर लागला, चाक फिरायला लागलं. पुढच्या गिअरला पुन्हा तसंच, पँट धरून.

मी टायरवाल्याला म्हटलं, जा तू, गिऱ्हाईक खोळंबलंय. तो गेला. शहाणा आहे तेवढा.

मी विचारलं, "कधीपासून कळत नाही या पायाला?"

"डावा जायच्या आधीपासून."

"मी टाकी हलवत होते तेव्हा?"

"तेव्हाही."

"मी ताडपत्री ओढली त्या दिवशी?"

"अगं, त्या दिवशीही."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू ताडपत्री परत घातली असतीस."

घातलीच असती. खोटं कशाला बोलू. गच्च बांधली असती आणि त्यांना परत स्टुलावर बसवलं असतं.

गाडी चालू होती, चाक जागच्या जागी फिरत होतं, म्हणून आम्हाला मोठ्यानं बोलावं लागत होतं. असलं बोलणं आणि तेही ओरडून. मी म्हटलं, "चालवता येणार नाही हे ठाऊक होतं, तर मग दवाखान्यात जायचं थांबलात कशाला? कशासाठी सडवलात पाय?"

त्यांनी हँडलची मूठ थोडी पिळली, सोडली. मग म्हणाले, "कार्बोरेटर कोणी पार्सलनं पाठवत नाही. बसवायला माणूस लागतो. मला वाटलं, तो घेऊन येईल."

मी तुझ्यावर चिडले होते. हे चिडले नव्हते, हे पक्कं लक्षात ठेव. जोरात मूठ पिळून बघितली, मागून काळा धूर आला, आणि हे हसायला लागले. म्हणाले, "जेट मोठा आहे. एक नंबरनं. लेकाच्या डोक्यात अजून ती फुटक्या सायलेन्सरची गाडी आहे. फुटक्या सायलेन्सरला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, तेव्हा तोच लागायचा. त्याला कुठं ठाऊक आता सायलेन्सर धड आहे. सांग त्याला." मी म्हटलं, बंद करा आता, उगाच पेट्रोल जळतंय. म्हणाले, राहू दे थोडी. मी बंद केली. मला कुठं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पिशवी भरून बसले. चला म्हणाले, कापून टाकू एकदाचा. रिक्षात बसताना गॅरेजकडे वळून बघितलं का असं टायरवाल्यानं मला नंतर विचारलं. नाही बघितलं. पुढच्या गिऱ्हाइकाचा क्लच कधी द्यायचा त्याचं बोलत होते.

पाय काढला. गुडघ्याच्या वरून. पण विष त्याच्याही वर चढलं होतं.

हे परत आले नाहीत, बारक्या.

लिहिलं एकदाचं. मघापासून याच ओळीभोवती फिरत होते, खोक्याचं लिहिलं, फोमचं लिहिलं. गेल्या रविवारी सकाळी गेले. त्याच दिवशी आम्ही त्यांना पोचवून आलो. लोक आले होते, टायरवाल्यानं सगळं केलं, कमी काही पडलं नाही.

तुला फोन करू का म्हणून तो माझ्यामागे लागला होता. मी करू दिला नाही. माझ्यापाशी नंबर नव्हता असं कोणी सांगेल तर ते खरं नव्हे, नंबर होता, टायरवाल्याच्या हातात फोन होता, मी त्याचा हात धरला. तू धावत आला असतास, मला ठाऊक आहे. ज्या दारातून हे तुझी वाट बघत होते त्याच दारातून तू आत आला असतास आणि हे तिथं नसते. ते बघायची माझ्यात ताकद नव्हती. रागाव माझ्यावर. शेवटचं बघायचा तुझा हक्क होता आणि मी तो मोडला.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली. पोर रडत होती. म्हणाली, काकू, थोडं आधी आले असते तर. मग विचारलं, "कशासाठी थांबले होते हो? त्या गाडीसाठीच?" मी म्हटलं, "नाही गं. त्यांना भावाची वाट बघायची होती." म्हणाली, "मग? आला का?"

मी म्हटलं, "त्याचा कार्बोरेटर आला."

हे तुला लिहू नये असं खूप वाटलं. पण मी लिहिलं नाही तर तू उद्या कोणाकडून तरी ऐकशील, आणि ते लोक पदरचं घालून सांगतील. तुला दोष देऊ का? देऊन बघितला, रात्रंदिवस दिला, चिकटत नाही. तू साफ करत बसलास कारण तुला यांनी तसंच शिकवलं होतं. हे थांबून राहिले कारण त्यांना वाटलं तू येशील. मी पहिल्याच पत्रात काळ्या बोटाचं लिहायला हवं होतं, तर मला मोठेपणा नडला. कोणाच्या नावानं बोटं मोडू? तिघंही आपापल्या जागी शहाणे.

गॅरेज उघडलं आहे. क्लच दिला. घरी बसून काय करू, भिंती मोजू? गाडी स्टँडवरच आहे. मी रोज फडकं मारते, किक मारत नाही.

आता तू विचारशील, दादांनी माझ्यासाठी काही निरोप ठेवला का. विचारशीलच. तुझ्या जागी मी असते तर पहिलं तेच विचारलं असतं. गोड काहीतरी बनवून लिहिता आलं असतं, पण ते मला जमत नाही आणि यांनाही आवडलं नसतं. शेवटचे दिवस शुद्ध नव्हती. त्याआधी माफ केलं, नाही केलं, असलं एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तुझ्या नावानं सांगितलं ते एवढंच, गाडीवर बसून, हसत हसत, धुरातून. ते तुझ्यापर्यंत पोचवायचं राहू नये म्हणून हे पत्र लिहिलं, बाकीचं आपलं ओघात आलं.

जेट मोठा आहे, बारक्या. एक नंबरनं.

हे नसले तरी तुझीच,
वहिनी